खालून दिसलेलं

भाच्याने पुण्याहून पाठवलेलं खोकं आलं तेव्हा मी एका पाणबुडी पंपाच्या पोटातून जळकी तार उपसत होतो. हात काळे, त्यामुळे खोकं संध्याकाळपर्यंत गल्ल्याशेजारी तसंच पडून राहिलं. माझं रत्नागिरीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंखा, मिक्सर, विहिरीवरचा पंप, पिठाच्या गिरणीची मोटर, जे जळेल ते माझ्याकडे येतं. शटर अर्धं ओढून खोकं उघडलं तर आत थर्माकोलच्या खोबणीत एक हेलिकॉप्टर. धातूचं, शेवाळी हिरवं, तळहातापेक्षा थोडं मोठं. वर दोन पाती, बोटाने ढकलली की फिरणारी. दोन्ही बाजूंची दारं सताड उघडी आणि प्रत्येक दारात एकेक मशीनगन. खोक्यावर लिहिलेलं: प्रमाण १:७२, कलेक्टिबल, वय वर्षं १४ आणि पुढे. मला त्रेपन्नावं चालू आहे. बसतो मी त्यात.

रात्री भाच्याचा फोन. "मामा, ह्यूई आहे ती. तुला हेलिकॉप्टरचं वेड ना?"

वेड वगैरे काही नाही. लहानपणी आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर, एक हेलिकॉप्टर उतरलं होतं, ती गोष्ट मी त्याला तो चार वर्षांचा असल्यापासून सांगत आलो, प्रत्येक वेळी थोडी लांबवून. त्याचा त्याने असा अर्थ घेतला. पोरगं कमावतं झालं, मामाला काहीतरी पाठवावंसं वाटलं, याहून जास्त काय हवं? मी ती ह्यूई दुकानात तारेच्या रिळांच्या फळीवर ठेवली. गिऱ्हाइकं बघायची. एकाने विचारलं, "ही पण जळली काय?"

ह्यूईची हकीकत मी मग वाचून काढली. अमेरिकेच्या बेल कंपनीचं हे यंत्र १९५६ साली पहिल्यांदा उडालं. कागदोपत्री त्याचं नाव इरोक्वॉय, तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका समूहावरून. पण सुरुवातीला त्यावर एचयू-१ असं लिहिलेलं असायचं, त्याचं सैनिकांनी ह्यूई करून टाकलं आणि तेच टिकलं. पुढे अक्षरांची अदलाबदल होऊन ते यूएच-१ झालं. सोळा हजारांहून जास्त बनली. व्हिएतनामच्या युद्धाचं चित्र डोळ्यांपुढे आणा, त्यात हे असतंच. गंमत अशी की लष्कराने हे यंत्र मागितलं त्यात जखमींना उचलून आणणं हे काम वरच्या नंबरात होतं. बंदुका नंतर आल्या. मॉडेलच्या बाजारात मात्र स्ट्रेचर ठेवलेली ह्यूई शोधावी लागते आणि बंदुकवाली कुठेही मिळते.

यूएच म्हणजे युटिलिटी हेलिकॉप्टर. पुस्तकी मराठीत याला उपयुक्तता हेलिकॉप्टर म्हणतात. वाचून असं वाटतं की बाकीची निरुपयोगी असावीत. माझ्या मते याला आपल्याकडे सरळ शब्द आहे: पडेल त्या कामाचं. आंब्याच्या बागेत एक गडी असतो बघा, झाडावर चढतो, पेट्या भरतो, गडगा ढासळला तर चिरे रचतो, वेळ आली तर म्हातारीला पाठुंगळी घेऊन रिक्षापर्यंत नेतो. त्याच्या हुद्द्याला नाव नसतं. लढाऊ हेलिकॉप्टर एकाच कामासाठी बांधलेलं असतं, हे सगळ्या कामांसाठी. माणसं ने, पोती ने, जखमी आण, दोरीला लटकवून जीप ने, नाहीतर कुणाच्या तरी छपरावर थांब.

ताई आली तेव्हा ही सगळी माहिती मी तिला उत्साहाने सांगायला घेतली. ताई चिपळूणला असते, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिने ह्यूई हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्या झटक्यात ती उलटी केली. मासळीवाली बांगडा उलटा करून दाखवते तशी.

"ह्याच्या पोटाला भोक कसलं?"

स्टँडची काडी अडकवायची जागा होती ती. भोकाच्या बाजूला कंपनीचं नाव, कुठे बनली त्या देशाचं नाव, कसलासा नंबर. बाकी पोट गुळगुळीत, पाटासारखं.

"हे काय पोट झालं?" म्हणाली आणि ठेवून दिली.

मला आधी हसू आलं. मग कळलं की तिने हेलिकॉप्टर जे पाहिलंय ते एवढंच पाहिलंय. पोट.

२२ जुलै २०२१. त्या दिवशी चिपळूण बुडलं हे महाराष्ट्राला माहीत आहे. वाशिष्ठी आणि शिव नदी दोन्ही शहरात शिरल्या. त्याच पावसात महाडजवळचं तळिये गाव दरडीखाली गेलं. ताईचं घर बाजारपेठेच्या बाजूला. चिपळूणकरांना पूर नवा नाही, २००५ चा सगळ्यांच्या अंगवळणी होता, त्यामुळे पाणी उंबऱ्याशी आलं तेव्हा तिने सवयीने पिठाचे डबे माळ्यावर टाकले आणि चहा ठेवला. चहा प्यायला मिळाला नाही. ती आणि भावजी आधी जिन्यावर, मग वरच्या मजल्यावर, मग शेजारची दोन कुटुंबं धरून गच्चीवर. फोन दुपारीच मेला. मी इकडे रत्नागिरीत तिचा नंबर लावत बसलो होतो, ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी ढग जरा वर उचलले आणि आवाज आला. ताई म्हणते, आवाज आधी पायांना कळला, गच्चीचा स्लॅब थरथरला. सगळ्यांनी साड्या, टॉवेल, जे मिळेल ते हलवलं. हेलिकॉप्टर त्यांच्या डोक्यावर आलं, थांबल्यासारखं वाटलं, पाण्याच्या टाकीचं झाकण उडालं, आणि ते पुढे गेलं. पलीकडे कुणीतरी जास्त अडचणीत असणार. यांना संध्याकाळी होडीने काढलं. नौदलाचं होतं, तटरक्षक दलाचं की हवाई दलाचं, तिला सांगता येत नाही. मी तिला मोबाइलवर सात-आठ फोटो दाखवले. ती नुसती मान हलवायची. सगळे फोटो बाजूने काढलेले.

"मला खालचं दाखव," म्हणायची. "मी बाजूने कुठे बघितलंय?"

पूर ओसरल्यावर तीन महिने माझ्या दुकानात चिपळूणच्या मोटरी होत्या. टेम्पो भरून यायच्या. स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांतून बोटभर गाळ निघायचा, मऊ, चिकट, लालसर. आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग बल्ब लावलेल्या पत्र्याच्या पेटीत वाळवायचं, मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून बघायचं, जीव आहे का. असला तर वार्निश पाजून परत पाठवायचं, नसला तर तार उपसायची. एका मिक्सरच्या भांड्यात वाटण तसंच होतं. त्या तीन महिन्यांत मी कुणाकडून पुरते पैसे घेतले नाहीत आणि कुणी पुरते बुडवलेही नाहीत.

आता सड्याची गोष्ट. आमचं गाव जयगडच्या वाटेवर. गावाच्या डोक्यावर जांभ्याचा सडा, उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा. मे महिन्यात सगळ्या वाडीचं वाळवण त्या कातळावर. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. आजीने रातांब्यांची सोलं घातली होती. ज्यांनी आमसुलं फक्त दुकानातून आणली त्यांच्यासाठी सांगतो: रातांबा फोडून साल वेगळी काढायची, वाळवायची, मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, पुन्हा बुडवायची. याला पुट देणं म्हणतात. चार-पाच पुटं झाली की ती काळी-जांभळी सुरकुतलेली वस्तू तयार होते. आजीची शेवटच्या पुटाची सोलं कातळावर पसरलेली, आजी छत्रीखाली काठी घेऊन कावळे हाकत, आणि मी नि ताई करवंदं खात बसलेलो.

ते समुद्राकडून आलं. काचेचं तोंड, मोठ्या माशासारखं. सड्यावर उतरलं ते आमच्यापासून शंभरेक पावलांवर. का उतरलं हे वाडीला आजतागायत कळलेलं नाही. कुणी म्हणे बुडालेला मचवा शोधायला आलेलं, कुणी म्हणे आतल्या साहेबाला लघवीला लागलेली. पण उतरताना वारा असा सुटला की सोलं उठली. चटया, सुपं, शेजारच्यांचे सांडगे, सगळं उडालं. काळा सडा जांभळ्या ठिपक्यांचा झाला. आजी काठी उगारून हेलिकॉप्टरवर चालून गेली. "मेल्यांनो, वर्षाची आमसुलं माजी!" आत बसलेल्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण काचेतून एकाने हात जोडलेले मी पाहिले. हे मी लांबवून सांगत नाही, हे ताईनेही पाहिलंय.

पाच-दहा मिनिटांत ते पुन्हा उठलं. आम्ही दोघं कातळावर उताणे पडलो होतो, ताईने माझं मनगट धरलेलं. ते बरोबर आमच्या वरून गेलं. तीन चाकं, तेलाचे ओघळ, आणि पुढच्या काचेतून चालवणाऱ्याच्या बुटांचे तळवे. दोन तळवे. बाकी माणूस दिसलाच नाही.

ते चेतक होतं हे मला फार नंतर कळलं, त्या काचेच्या तोंडावरून. मूळ फ्रेंच. तिकडे नाव अलुएत, म्हणजे चंडोल, त्यातला तिसरा. १९५९ साली पहिल्यांदा उडालं. पुढच्याच वर्षी सात माणसं घेऊन युरोपातल्या माँ ब्लाँ शिखरावर, ४,८१० मीटरवर उतरलं, आणि त्याच वर्षी हिमालयात सहा हजार मीटरच्या वर जाऊन टेकलं. आपल्या हवाई दलात ते १९६२ पासून आहे. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवाना घेऊन ते इथे बनवायला घेतलं आणि नाव मिळालं राणा प्रतापाच्या घोड्याचं. घोड्याचं नाव शोभतंच, पण मला चंडोल जास्त पटतो. आमच्या सड्यावर तुऱ्याचा मलबारी चंडोल आहे. नर गात गात सरळ वर चढतो, हवेत एका जागी पंख फडफडवत राहतो, मग खाली येतो. फ्रेंच माणसाने तो पाहूनच नाव ठेवलं असेल असं वाटतं, जरी त्यांचा चंडोल वेगळा.

नौदलात ज्यांच्याकडे चेतक आहेत त्यातल्या ३२१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला एंजल्स म्हणतात. विमानवाहू जहाजावरून विमानं उडत-उतरत असली की एक चेतक बाजूला हवेत तरंगत ठेवायचे, एखादा वैमानिक पाण्यात पडला तर उचलायला. काही झालं नाही तर नुसतं तरंगायचं. हेच यंत्र १९७१ साली रॉकेटं बांधून लढलंही. बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीची किलो फ्लाइट नावाची छोटी हवाई तुकडी होती, तिच्यात एक अलुएत होतं, ३ डिसेंबरच्या रात्री त्याने नारायणगंजचे तेलसाठे पेटवले. मी म्हटलं ना, पडेल ते काम.

तर मी ठरवलं, ह्यूईशेजारी चेतक हवं. तयार मिळेना. शेवटी प्लॅस्टिकचा किट मिळाला, अलुएतचा, एका फ्रेंच कंपनीच्या जुन्या साच्यातला. १:७२. खऱ्याचं धड साधारण दहा मीटर, म्हणजे माझ्याकडे १३९ मिलीमीटर. फिरत्या पात्यांचा व्यास ११.०२ मीटर, तो झाला १५३ मिलीमीटर. माझी ताई पाच फुटांची, ती या मापात २१ मिलीमीटर, माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा लहान. हे हिशेब मी बिलबुकाच्या मागे केले होते. तिथेच अजून आहेत.

किट उघडला तेव्हा पाऊस लागला होता, आणि ही पहिली चूक. कोकणात जून ते सप्टेंबर रंगकाम करू नये, मग ते भिंतीचं असो की हेलिकॉप्टरचं. रंगाचा पहिला हात मारला आणि वाळता वाळता त्यावर पांढुरकी साय धरली. हवेतला दमटपणा रंगात अडकतो, वार्निशचंही तसंच होतं, हे मला धंद्याने माहीत असायला हवं होतं. खरवडून काढला. मग मोटरी वाळवायच्या त्याच पत्र्याच्या पेटीत बल्ब लावून चेतकचं धड ठेवलं. पातळ हात, वाळवण, पुन्हा पातळ हात. चौथ्या वेळी लक्षात आलं की आजी आणि मी एकच काम करतोय.

चिन्हांच्या चिकटपट्ट्या, ज्यांना डिकल म्हणतात, जुन्या साठ्यातल्या, पिवळ्या पडलेल्या. त्यावरचा जुना उपाय उन्हाचा. पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आठवडाभर चिकटवायच्या, पिवळेपणा उतरतो. पण जुलैत रत्नागिरीला ऊन कुठून आणणार? ऑक्टोबरपर्यंत थांबलो. मग त्या खिडकीला, आणि खाली अंगणात बायकोने घातलेल्या मिरच्या. शिवाय त्यात आपलं तिरंगी चक्र नव्हतंच, ते वेगळं छापून घ्यावं लागलं. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. छापणाऱ्याने पहिल्यांदा उलटं करून दिलं होतं.

चेतकचं तोंड म्हणजे काचेचा फुगा. मॉडेलमध्ये तो एक पारदर्शक तुकडा असतो आणि माझ्यासारखे लोक तिथे झटपट चिकटणारा गोंद लावून पस्तावतात, कारण त्याची वाफ आतून काचेवर पांढरी धरते, कायमची. तिथे साधं फेविकॉल लावायचं, वाळल्यावर दिसत नाही. हे मी एक फुगा वाया घालवल्यावर शिकलो. दुसरा मिळेपर्यंत दोन महिने.

तीन चाकांच्या या हेलिकॉप्टरला नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. पण नाक काचेचं, सगळं दिसणारं. कोळीवाड्यातल्या एका मित्राकडून पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, कडेची शिशाची गोळी आणली, ठोकून चपटी केली आणि सीटखाली दडवली.

पाती लावली आणि अभिमानाने पाहत बसलो. तीन पाती. प्रत्येकीची एक कड जाड, एक पातळ. जाड कड वाऱ्याला कापत पुढे जाते. मी समोरच्या ह्यूईचं बघून लावली होती. मग कुठेतरी वाचलं की अमेरिकन हेलिकॉप्टरची पाती वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात आणि फ्रेंचांची घड्याळाच्या दिशेने. म्हणजे आपलं चेतक प्रदक्षिणा घालतं, ह्यूई उलटी जाते, आणि माझं चेतक मी मागे मागे उडवत होतो. तिन्ही पाती सोडवली. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पण खालून बघितलं तर आपलंही उलटंच दिसणार ना?"

खरं होतं. मला सुचलं नव्हतं.

मग तिच्या त्या पोटाचा प्रश्न. शंभर मॉडेलांचे फोटो पाहिले, एकाही पठ्ठ्याने पोट दाखवलेलं नाही. मॉडेल फळीवर ठेवायचं असतं, आपण ते वरून बघतो, देव बघतो तसं. माझं नशीब की एका गिऱ्हाइकाचा मिक्सर आला. गृहस्थ नौदलातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेले. फळीवरची ह्यूई बघून थांबले. चेतकचा विषय काढला तर खुर्ची ओढून बसलेच. म्हणाले, या यंत्राचं इंजिन पाठीवर उघडं असतं, वर झाकण नाही. समुद्रावरून फिरून आलं की गोड्या पाण्याने धुवायचं, नाहीतर खारं वारं आठवड्यात खाऊन टाकेल. (हे कोकणी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या खिडकीचे गज मी दर दोन वर्षांनी रंगवतो.) मी पोटाबद्दल विचारलं. ते हसले. "वरून सगळेच पुसतात. पोट पुसायला आम्ही होतो." माझ्या बिलबुकावर त्यांनी पोट काढून दिलं: कुठे पत्र्याचे जोड, कुठे झाकणं, ओझं लटकवायचा आकडा कुठे, तेल कुठून गळून मागे कसं ओघळतं. मिक्सरचे पैसे घेतले नाहीत.

त्यानंतरचा महिना मी त्या मॉडेलच्या पोटावर काम केलं. सुईने जोडाच्या रेघा कोरल्या. काळ्या रंगात थिनर घालून ओघळ सोडले, आधी फार झाले, पुसले, पुन्हा सोडले. आणि पुढच्या काचेच्या आत, वैमानिकाच्या पायांना, बुटांचे तळवे रंगवले. चार मिलीमीटरचा एकेक तळवा. आर्मेचरचे सांधे बघायच्या भिंगाखाली श्वास रोखून. बरोबर खालून पाहिलं तरच दिसतात.

धडाचा रंग करडा दिला. ताईचं म्हणणं, सड्यावरचं निळं होतं. मी म्हणतो करडं. चाळीस वर्षांचं भांडण आहे. रंगवताना लक्षात आलं, आभाळाच्या उजेडावर खालून पाहिलेलं काहीही काळंच दिसतं, म्हणजे आम्ही दोघंही बहुधा बाकीच्या आठवणीवरून भांडतोय.

दारावर विंच बसवली. माणसं वर ओढायची पोलादी तार जेमतेम पाच मिलीमीटर जाड असते. बहात्तरने भागलं तर ०.०७ मिलीमीटर. इथे मात्र मी मॉडेलवाल्यांच्या चार पावलं पुढे होतो, कारण हे माप मला नंबराने माहीत आहे: ४५ गेज. नंबर वाढला की तार बारीक; पंख्याला आम्ही ३६ वापरतो, ४५ म्हणजे केसासारखी, श्वासाने हलणारी. जुन्या रिलेच्या कॉइलमधून वीतभर सोडवली. रिळावरची तार वळलेली असते, ती सरळ लोंबत नाही. दोन टोकं धरून हलकेच ताण द्यायचा, तुटायच्या किंचित आधी ती सरळ होते आणि तशीच राहते. तो ताण हाताला कळतो, शिकवता येत नाही. टोकाला आकडा लावला. आकड्याला माणूस लावायचा का? एक २१ मिलीमीटरची बाई मेणाची करून पाहिली, साडी नेसवली. कुणाला तरी दाखवायला बरी होती. पण ताई त्या आकड्याला कधी लागलीच नव्हती. काढून टाकली.

तयार झाल्यावर प्रश्न आला की ठेवायचं कुठे. फळीवर ठेवलं की पोट गेलं. म्हणून गावच्या घरी, माजघराच्या वाशाला नायलॉनच्या दोऱ्याने टांगलं, पात्यांच्या मधोमध अडकवून. सीटखालच्या शिशाने नाक जरा खाली झुकलं, पुढे निघाल्यासारखं. शिसं असं कामी आलं.

इथे पुन्हा बिलबुक काढलं. वासा जमिनीपासून दहा फुटांवर. जमिनीवर पडून पाहणाऱ्याला ते बहात्तरपट, म्हणजे दोनशे मीटरच्या वर दिसणार. एवढ्या उंचीवर बुटाचे तळवे कसले दिसतायत! ताईच्या गच्चीवरचं वीसेक मीटरवर असावं. वीस मीटर म्हणजे इथे २८ सेंटीमीटर. वीत आणि वर चार बोटं. हेलिकॉप्टर कुणाच्या नाकासमोर टांगायचं? तसंच वाशापाशी ठेवलं.

गणपतीला ताई आली. घर भरलेलं, माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या टांगत्या सजावटीला, कवंडळं, तिरडा, आंब्याच्या डहाळ्या, आणि पोरांनी त्यातच हेलिकॉप्टर टांगलंय असा पाहुण्यांचा समज. भाच्याला ते ह्यूईपेक्षा किरकोळ वाटलं हे त्याच्या तोंडावर दिसलं, पण बोलला नाही, शहाणा आहे. ताईने पहिल्या दिवशी नुसतं वर बघितलं आणि मोदकांच्या मागे लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपून सगळी आडवी झाली. मी ओटीवरून आत आलो तर ताई माजघरात चटईवर उताणी. हात डोक्याखाली, चष्मा डोळ्यांवर.

"खाली घे जरा," ती म्हणाली.

स्टूल आणलं, दोऱ्याची गाठ सोडली, हातभर खाली घेतलं. हेलिकॉप्टर गरगरलं, थांबलं. तार सरळ लोंबत राहिली.

"अजून."

आणखी हातभर घेतलं. आता ते तिच्यापासून सहाएक फुटांवर होतं. तिने एक डोळा बारीक केला.

"आणखी घे रे. दिसत नाहीत अजून."

"काय दिसत नाहीत?" मी विचारलं.

"तळवे," ती म्हणाली.